जुन्या गाडीचा हीटर गार हवा फेकतोय? डॅशबोर्ड खोलण्याआधी या चुका टाळा

निफाडकडे पारा घसरला की हीटरची आठवण सगळ्यांनाच होते. पण जुन्या गाडीवाल्याला तो खरा लागतो तो पावसाळ्यात, ताम्हिणी किंवा आंबोली घाटात काच आतून धुरकटते तेव्हा. अशा वेळी गार हवा आली की गॅरेजमधलं उत्तर बहुधा एकच असतं, 'कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल.' या उत्तराला लगेच होकार देऊ नका. १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीतही हे काम वेळखाऊ आहे, आणि वाळलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा एकदा तुटल्या की डॅशबोर्डची खडखड कायमची मागे लागते.

हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिन तापवतं ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, दोन होज पाइपांतून डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, बस. म्हणून आधी बॉनेट उघडा. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा, मग गाडी पूर्ण तापवून, हीटर फुलवर ठेवून, इंजिन बंद करून दोन्ही पाइप जपून चाचपा. दोन्ही कडक गरम असतील तर कॉइल बहुतेक ठीक आहे. दोष हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. एक गरम आणि एक गार असेल तर गरम पाण्याचा कॉक अडकलाय किंवा कॉइल चोक झालीय. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, पाहा.

या थर्मोस्टॅटबद्दल मला कळकळीने सांगायचंय. 'आपल्या हवेत काय गरज?' म्हणून तो काढून टाकायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. माझ्या गाडीत तेच झालं होतं. दोन हिवाळे तापमानाचा काटा वर चढेना, पेट्रोल जास्त खायची आणि मी हीटरला दोष देत राहिलो. शेवटी दुसऱ्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचं घर उघडून दाखवलं, आत काहीच नव्हतं! नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट बसवल्यावर त्याच संध्याकाळी गरम हवा आली. थर्मोस्टॅटवर तो उघडायचं तापमान कोरलेलं असतं, बऱ्याचदा ८२ किंवा ८८ अंश. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते बघता येतं.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकू नका. ती भोकाबरोबर कॉइलच्या बारीक नळ्याही बुजवते. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचतात तेही तसंच. चोक कॉइल धुताना पाणी उलट दिशेने आणि हलक्या दाबाने सोडा. नळ फुल सोडला तर जुने जोड फुटतात.

पुढच्या सीटखाली ओल दिसली तरी घाई नको. एसीच्या गाडीत पाणी बाहेर जायची नळी तुंबली तरी तिथेच ओलं होतं. ते साधं पाणी असतं. कूलंट मात्र रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं, शिवाय काचेवर आतून तेलकट थर धरतं. तशी खूण असेल तर कॉइल बदलाच.

बदलताना पाइप पिळून ओढू नका, कॉइलची नळी मोडते. पाइप नवाच घालायचा आहे, तेव्हा जुना ब्लेडने उभा चिरून काढा. पाइपच्या क्लिपाही नव्या घ्या.

पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर मोटर बदलू नका, बहुधा पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा तर कधीच घालू नका, वायरिंग जळतं.

शेवटी कूलंटमध्ये अडकलेली हवा काढणं. हे राहिलं तर नवी कॉइलही गार. इंजिन थंड असताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हॅन्डब्रेक ओढा, हीटर फुल करा, रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट भरत इंजिन चालवा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात न ओतता डब्यात बंद करा. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असते, तेवढी भरा.