क्रूझवर रुमाल टाकायचा नसतो

कोल्हापुरात कुणी क्रूझला जाऊन आलं की पुढचे दोन महिने त्याला एकच प्रश्न, कितीला पडलं? तिथं वागायचं कसं हे मला आजपर्यंत एकानंही विचारलं नाही, आणि खरं तर तेच आधी विचारायला पाहिजे, कारण आम्ही घरचे अकराजण मुंबई-गोवा-मुंबई करून आलो आणि त्यातला पहिला दिवस निव्वळ चुका करण्यात गेला. आता ओळखीतली तीन-चार घरं दिवाळीनंतर निघालीत, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं टाइप करून टाकतो.

आधी मुंबईला पोचायचं बघा. जहाज बॅलार्ड पिअरच्या बाजूनं सुटतं, सीएसएमटीवरून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. आपली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी तिथंच सोडते आणि चेक-इन साधारण दुपारी असतं, म्हणजे गाडी दोन तास लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. कार घेऊन पहाटे निघू म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, सातारा-कागल सहापदरीचं काम आणि पुढं पुण्याचं ट्राफिक, आणि जहाज काय एसटी नव्हे की कंडक्टरला हात केला आणि थांबली. गेट बंद म्हणजे बंद. गोव्यात उतरून फिरायला गेलात तरी हेच, परत यायची वेळ जहाज सुटायच्या तास-अर्धा तास आधीची असते, ती वेळ मोबाईलमधे अलार्म लावून ठेवा. परदेशातल्या क्रूझवर जहाजाचं घड्याळ आणि गावचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं, तिथं जहाजाचं घड्याळ मानायचं.

कागदपत्रं: देशातल्या देशात असेल तर ओरिजिनल सरकारी फोटो आयडी, आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळायला पाहिजे, आमच्या वहिनींचं आधारवर माहेरचं आणि तिकिटावर सासरचं, अर्धा तास काउंटरवर घाम. सिंगापूरवरून सुटणारी करणार असाल तर पासपोर्ट निदान सहा महिने व्हॅलिड पाहिजे आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या, कारण जहाजानं बाहेर जाऊन परत त्याच देशात येणार असता. घरात कुणी गरोदर असेल तर बुकिंगच्या आधी विचारा, 24 आठवड्यांच्या पुढं बहुतेक कंपन्या घेतच नाहीत.

मोठ्या बॅगा बंदरावरच टॅग लावून घेतात आणि त्या केबिनला पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चार्जर, पोरांचे पोहायचे कपडे, एक जोडी साधे कपडे हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, केटल, एक्सटेन्शन बोर्ड घरीच ठेवा, बॅग स्कॅनरमधनं जाते आणि या वस्तू बाजूला काढून ठेवतात. चिडू नका, समुद्रात आग लागली तर फायर ब्रिगेड कुठनं येणार? चुंबकाचे हुक मात्र चार-पाच घेऊन जा, केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, ओली टॉवेलं आणि टोप्या अडकवायला एक नंबर.

काकूंनी कांदा-लसूण चटणी काचेच्या बरणीत भरून, वर प्लास्टिक बांधून, त्यावर फडकं गुंडाळून आणली होती. स्कॅनरवाल्या पोरानं बरणी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली, झाकण उघडलं आणि ठसका लागून मागं सरला. बाहेरचं खायचं चालत नाही म्हणाला. काकू म्हणाल्या, "अरे बाळा, हे खायचं न्हाई, तोंडी लावायचं हाय." बरणी काय आत गेली नाही. नियम प्रत्येक जहाजाचा वेगळा, तुमच्या बुकिंगच्या कागदात वाचून घ्या, पण घरचं शिजवलेलं नेऊ नका. आणि तांबडा-पांढऱ्याची आठवण काढून वेटरला बोलू नका, तो केरळचा नाहीतर फिलिपाईन्सचा असतो, त्याचा काय दोष.

समुद्र लागण्याविषयी. करूळ घाटात ज्यांना पिशवी हातात धरून बसावं लागतं त्यांनी केबिन घेताना खालचा डेक आणि जहाजाचा मध्य बघायचा, पाळण्यात कसं मधे बसलेल्याला कमी झोका बसतो तसं. गंमत म्हणजे वरच्या केबिन महाग असतात आणि हलतात पण जास्त. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. रिकाम्या पोटी राहू नका, बिस्किट, टोस्ट असं कोरडं काहीतरी खात राहा, आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा, आणि मळमळायला लागलं की मोबाईल खाली ठेवून डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडं बघत उभं राहा. डिसेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र शांत असतो, आम्हाला तर रात्री जहाज चालू आहे का नाही तेच कळेना. वेग म्हणाल तर 18 नॉट म्हणजे ताशी 33 किलोमीटर, गंगावेशीतनं रंकाळ्याला निघालेल्या रिक्षाएवढा. भाचा म्हणाला मामा, ओव्हरटेक कोण करणार नाही ना.

आता चढल्यावर पहिली गोष्ट जी सगळे टाळतात, मस्टर ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजतो, तो इमर्जन्सीचा इशारा, आणि आपलं जमायचं ठिकाण कुठलं ते बघून यायचं असतं. आमच्यातले दोघं "आम्ही खाऊन येतो की" म्हणून बुफेकडं वळले होते, त्यांना ओढून आणलं. हे थोतांड नाही. 2012 च्या 13 जानेवारीला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळलं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या कितीतरी प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात चढल्यापासून 24 तासांची सवलत होती, आणि 32 माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ड्रिल झालंच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, सेल्फी नंतर काढा. आणि केबिनपासून जिन्यापर्यंत दारं किती ते एकदा मोजून ठेवा, अंधारात उपयोगी पडतं.

बुफे. इथं आपली खरी परीक्षा. पंगतीत वाढपी येतो म्हणून आपण बसून राहतो, इथं आपणच वाढपी, त्यामुळं हात धुऊनच आत जायचं, नुसता सॅनिटायझर चोळून भागत नाही. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबाचा विषाणू जहाजावर भराभर पसरतो आणि त्याला साबण-पाण्यानं हात धुणं हाच खरा उपाय. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला नवीन प्लेट, उष्टी प्लेट घेऊन परत लाईनीत नाही. चिमटा असताना हातानं पाव उचलायचा नाही, पोराला कडेवर घेऊन त्याच्या हातानं तर अजिबात नाही. आणि हे मी आपल्या लोकांना तळमळीनं सांगतो, पैसे वसूल करायचे म्हणून ताटात डोंगर करू नका, खाणं दिवसभर चालू असतं, कुठं पळून जात नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर चौघांनी अकरा गुलाबजाम टाकून दिले, मी मोजले.

आता रुमालाचं. सीबीएस स्टँडवर एसटी लागली की खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरायची ही आपली लहानपणापासूनची विद्या. क्रूझवर लोक हेच करतात, सकाळी सहाला स्विमिंग पूलजवळच्या आरामखुर्च्यांवर टॉवेल, चप्पल, पेपर टाकून जातात आणि दहाला नाश्ता करून येतात. आमच्या दादानं अकरा खुर्च्या धरल्या, टॉवेल कमी पडली म्हणून दोनवर आपल्या कोल्हापुरी चपला ठेवल्या, एकीवर डावी, एकीवर उजवी. परत आलो तर खुर्च्यांवर दुसरी माणसं, टॉवेल काउंटरवर घडी करून, आणि चपला पूलच्या कडेला पाण्यात भिजत. रिकामी खुर्ची अर्धा-पाऊण तास तशीच दिसली तर स्टाफ सामान उचलून ठेवतो, आणि बरोबरच आहे. बसायचं तेव्हा घ्यायची, उठायचं तेव्हा सोडायची. चामड्याची चप्पल तर ओल्या डेकवर नेऊच नका, कातडं पाणी पितं आणि पाय असा सटकतो की बस्स, रबरी तळव्याची सँडल न्या.

लिफ्टमधे आतले बाहेर पडेपर्यंत दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, आणि व्हीलचेअर किंवा म्हातारं माणूस असेल तर आपण जिन्यानं. केबिनच्या भिंती पातळ असतात, रात्री एकला पॅसेजमधे "अगं किल्ली कुणाकडं हाय" असं ओरडलं की दहा घरं उठतात. दारं जड असतात, वाऱ्यानं धाडकन मिटतात, पोरांची बोटं सांभाळा. जिना उतरताना एक हात कायम कठड्याला. लंगोट घातलेली बाळं पूलमधे चालत नाहीत, तो पोहण्याचा स्पेशल डायपर आणला तरी बहुतेक ठिकाणी नाहीच. संडास विमानासारखा ओढून घेणारा असतो, त्यात टिश्यूशिवाय काही टाकलं तर आजूबाजूच्या केबिनचे पण तुंबतात. परदेशी जहाजांवर बऱ्याचदा जेट नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, लाजायचं काय त्यात.

बाल्कनीतनं काहीही खाली टाकायचं नाही, ना कुरकुऱ्याचं पाकीट, ना निर्माल्य. समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय करारानंच बंदी आहे. सिगारेटचं थोटूक तर नाहीच नाही, वाऱ्यानं ते खालच्या कुणाच्या तरी बाल्कनीत जातं. 2006 साली स्टार प्रिन्सेस जहाजावर बाल्कनीत आग लागून पसरली होती, तपासात संशय थोटकावरच गेला. ओढायची ठरलेली जागा असते तिथं जा. कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्याला बघितलं तर ओळख असो नसो, खाली उतर बाबा म्हणून सांगा. आणि देव न करो, कुणी पाण्यात पडलंच तर आपण उडी मारायची नाही, ओरडायचं, जवळची ट्यूब फेकायची आणि एकानं त्या माणसाकडं बोट दाखवतच राहायचं, नजर हलली की पाण्यात डोकं परत सापडत नाही.

मोबाईल किनारा सुटला की एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाईट नेटवर्क असतं, फोन आपोआप ते पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. जहाजावर रोख चालत नाही, चढताना मिळालेल्या कार्डावर सगळं लिहिलं जातं, तेच दाराची किल्ली. पोरांच्या हातात ते कार्ड देऊन आपण झोपू नका, तीन मॉकटेल आणि दोन व्हिडिओ गेमचं बिल मी भरलंय. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरलाय का ते बघा आणि शेवटच्या रात्रीच हिशोब तपासा, सकाळी त्या काउंटरला महाद्वार रोडसारखी गर्दी असते. केबिन साफ करणाऱ्या माणसाला नावानं हाक मारा, आमचा रोज टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा.

लक्षद्वीपला जाणारी क्रूझ घेतली तर किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकू नका, वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे, शोकेससाठी जेलमधे कोण जाणार.

परतीचं तिकीट काढताना सकाळची कोयना धरू नका, उतरायला नऊ-दहा सहज वाजतात, रात्रीची महालक्ष्मीच बरी. आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीतनं खाली जातात आणि थेट बंदरावर मिळतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढा आणि मग चेन ओढा. दादानं सगळं आवरून, अगदी घडी घालून बॅगेत भरलं आणि दाराबाहेर ठेवून गार झोपला. सकाळी अंगावर पट्ट्यापट्ट्याची बर्म्युडा, वर पार्टीला घातलेला ब्लेझर खुर्चीवर राहिलेला म्हणून तो, आणि पायात त्या भिजून वाकड्या झालेल्या चपला. मुंबईच्या बंदरावर तसाच उतरला. वहिनी दहा पावलं पुढं चालत होत्या.