पायथॉन स्क्रिप्टमधून शेलच्या सगळ्या कमांड्सची लिस्ट कशी काढायची

पायथॉनमध्ये स्वतःचं छोटं टर्मिनल, लाँचर किंवा ऑटोकम्प्लीट लिहायला घेतलं की या मशीनवर कुठल्या कुठल्या कमांड्स आहेत ते स्क्रिप्टला कळावं लागतं, आणि बरेच जण आधी कॉम्पजेन डॅश सी (बॅश या शेलमध्ये सगळ्या कमांड्सची यादी देणारी कमांड) हे सरळ सबप्रोसेस डॉट रनला देऊन बघतात आणि फाइलनॉटफाउंडएरर येतो. टर्मिनलमध्ये तेच टाकलं तर भराभर यादी येते. कारण कॉम्पजेन नावाची फाइल डिस्कवर नसतेच, ती बॅशची बिल्टइन, म्हणजे शेलच्या आतच असलेली कमांड आहे, आणि सबप्रोसेस डिस्कवरचा प्रोग्राम शोधत असतो.

त्यामुळे आधी ठरवा की यादी नक्की कसली हवी. जे प्रोग्राम स्क्रिप्ट स्वतः चालवू शकते त्यांची, की युझर बॅशच्या प्रॉम्प्टवर जे जे टाइप करू शकतो त्या सगळ्याची? या दोन याद्या वेगळ्या असतात. सोर्स, एक्सपोर्ट या बिल्टइन, इफ आणि फॉर हे कीवर्ड, हे सगळं फक्त दुसऱ्या यादीत येतं. आणि एको तर दोन्हीकडे असतो, टाइप डॅश ए एको करून बघा, बिल्टइन वेगळा आणि फाइल वेगळी दिसेल.

पहिली यादी हवी असेल तर शेलला हात लावायची गरजच नाही, आणि माझ्या मते बहुतेक कामांना हीच पुरते. ओएस डॉट एन्व्हायरॉनमधून पाथ (कमांड्स ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांची यादी) घ्यायचा, ओएस डॉट पाथसेपने तोडायचा (कोलन हाताने लिहू नका, विंडोजवर तिथे सेमीकोलन असतो), मग एकेका फोल्डरवर ओएस डॉट स्कॅनडिर चालवायचं आणि प्रत्येक एंट्रीसाठी दोन गोष्टी तपासायच्या, इज फाइल आहे का आणि ओएस डॉट अॅक्सेसला एक्स ओके देऊन हो येतंय का. इज फाइल गाळू नका, कारण लिनक्सवर फोल्डरलाही एक्झिक्यूट परमिशन असते, तिथे तिचा अर्थ आत शिरता येतं एवढाच, पण अॅक्सेस हो म्हणतो आणि फोल्डरची नावं कमांड म्हणून यादीत येऊन बसतात. पाथमध्ये आता अस्तित्वातच नसलेले फोल्डरही सर्रास असतात, तेव्हा स्कॅनडिर ट्राय-एक्सेप्टमध्ये टाका आणि ओएसएरर आला की पुढच्या फोल्डरवर जा.

नावं साध्या लिस्टमध्ये भरू नका, डिक्शनरी घ्या, की म्हणजे कमांडचं नाव आणि व्हॅल्यू म्हणजे पूर्ण पत्ता, आणि सेटडिफॉल्टने भरा. पाथमध्ये जो फोल्डर आधी येतो त्यातलीच कमांड चालते, सेटडिफॉल्टसुद्धा आधी आलेलंच ठेवतो, म्हणजे दोन जागी पायथॉन थ्री असला तरी खरोखर कुठला चालणार ते बरोबर कळतं. डुप्लिकेटही आपोआप जातात.

आता दुसरी यादी. इथे सबप्रोसेस डॉट रनला तीन गोष्टींची लिस्ट द्यायची, बॅश, डॅश सी, आणि तिसरी कॉम्पजेन डॅश सी ही अख्खी एक स्ट्रिंग. कॅप्चर आउटपुट आणि टेक्स्ट दोन्ही ट्रू करा (कॅप्चर आउटपुट पायथॉन 3.7 पासून आहे), आउटपुटवर स्प्लिटलाइन्स, मग सेट, मग सॉर्टेड. फक्त बिल्टइन हवे तर कॉम्पजेन डॅश बी, फक्त कीवर्ड हवे तर कॉम्पजेन डॅश के.

शेल इक्वल्स ट्रू करून हेच काम होईल असं वाटतं, पण ते करू नका. पायथॉन तेव्हा बॅश चालवत नाही, स्लॅश बिन स्लॅश एसएच चालवतो, आणि उबुंटूवर 2006 च्या 6.10 व्हर्जनपासून तो डॅश नावाचा छोटा शेल आहे, त्याला कॉम्पजेन माहीतच नाही. शेल ट्रूच ठेवायचं असेल तर एक्झिक्यूटेबल या आर्ग्युमेंटमध्ये बॅशचा पत्ता द्या.

या यादीत तुमचे एलियस, म्हणजे कमांड्सना तुम्ही दिलेली टोपणनावं, मात्र दिसणार नाहीत. ते ज्यात लिहिलेले असतात ती बॅशआरसी फाइल फक्त इंटरॅक्टिव्ह शेल वाचतो, बॅश डॅश सी वाला नाही. एलियस हवेच असतील तर बॅशला डॅश सीच्या जागी डॅश आयसी द्या, पण मग बॅशआरसीमध्ये कोणी वेलकम मेसेज छापत असेल तर तोही कमांड म्हणून यादीत येतो, म्हणून आधी स्वतःची एखादी खुणेची ओळ एको करा आणि तिच्यानंतरचंच वाचा.

मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल झेडशेल आहे. बॅश तिथे असतो, पण त्याला विचारलं तर तो बॅशचीच बिल्टइन सांगणार, युझर रोज वापरतो त्या झेडशेलची नाही. विंडोजवर एक्झिक्यूट परमिशनच्या भरवशावर राहू नका, पाथएक्स्ट या व्हेरिएबलमधली एक्स्टेंशन्स घ्या आणि फाइलचं नाव त्यातल्या एकाने संपतंय का ते बघा.

आणि एकच कमांड आहे का एवढंच बघायचं असेल, उदाहरणार्थ एफएफएमपेग, तर एवढा खटाटोप कशाला, शटिल डॉट व्हिच वापरा, पायथॉन 3.3 पासून आहे, सापडली तर पत्ता देतो नाहीतर नन. बिल्टइन त्याला दिसत नाहीत.

स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालणार असेल तर टर्मिनलमध्ये काढलेल्या यादीवर विसंबू नका. क्रॉनला पाथ अगदी तोकडा मिळतो, डेबियन-उबुंटूवर स्लॅश यूएसआर स्लॅश बिन आणि स्लॅश बिन एवढाच, त्यामुळे पिपने तुमच्या होममधल्या डॉट लोकल फोल्डरात टाकलेल्या कमांड्स तिथे गायब असतात. क्रॉनटॅबमध्ये वरच पाथची ओळ लिहा आणि यादी क्रॉनमधूनच एकदा फाइलमध्ये लिहवून बघा.