सीआरएममध्ये कोणाला काय दिसावं: सेटिंगला हात लावण्याआधीची तयारी

सीआरएमचं, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सेटअपचं पान उघडण्याआधी एक कोरी शीट उघडा. वरच्या ओळीत नोंदींचे प्रकार लिहा: लीड (संभाव्य ग्राहक), अकाउंट (ग्राहक कंपनी), कॉन्टॅक्ट (तिथली व्यक्ती), ऑपॉर्च्युनिटी (चालू सौदा), केस (ग्राहकाची तक्रार), कोटेशन आणि तुमच्याकडे बनवून घेतलेले कस्टम ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट म्हणजे नोंदीचा प्रकार. डाव्या बाजूला माणसांची नावं न लिहिता कामं लिहा: फोनवरून लीड चाळणारा, प्रत्यक्ष विक्री करणारा, त्याचा वरिष्ठ, सपोर्टवाला, हिशेब विभाग, फक्त रिपोर्ट बघणारे संचालक, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरशी डेटाची देवघेव करणारं इंटिग्रेशन. इंटिग्रेशन हाही एक युजरच असतो, पण यादीतून नेमका तोच सुटतो.

प्रत्येक चौकटीत दोन वेगळी उत्तरं लागतात. या प्रकारच्या नोंदीचं हा माणूस काय करू शकतो, म्हणजे पाहणं, तयार करणं, बदलणं, हटवणं, हे पहिलं. आणि कोणाच्या नोंदींचं, म्हणजे फक्त स्वतःच्या, हाताखालच्यांच्या, आपल्या विभागाच्या की सगळ्यांच्या, हे दुसरं. सेल्सफोर्स या सीआरएममध्ये पहिलं उत्तर प्रोफाइल (युजरचे मूळ हक्क) आणि परमिशन सेट (त्यावर दिलेले वाढीव हक्क) यांतून येतं, दुसरं शेअरिंगमधून. दोन्ही जुळतील तेवढंच हाती लागतं. नोंद बदलण्याच्या हक्कासकट शेअर केली, पण परमिशनमध्ये फक्त पाहण्याचा हक्क असला, तर ती नुसती पाहताच येते. ‘शेअर केलंय तरी एडिट होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

शीट भरायला विभागप्रमुखांकडे जाल तेव्हा ‘तुमच्या लोकांना काय दिसायला हवं’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘सगळं’ असंच येतं. कोणती नोंद कोणाला दिसली तर अडचण होईल, हे विचारा. भरलेल्या शीटवर प्रत्येक प्रमुखाचा लेखी होकार घ्या. पुढे वाद झाला की ॲडमिनला आधार त्याचाच असतो.

आता पाया. सेल्सफोर्समध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला संस्थेपुरती एक मूळ पातळी असते: प्रायव्हेट, सर्वांना फक्त वाचता येईल अशी, किंवा सर्वांना वाचता-बदलता येईल अशी. लीड आणि केससाठी त्यात ओनर, म्हणजे नोंद ज्याच्या नावावर आहे तो, बदलण्याचा हक्कही जोडता येतो. ही पातळी ठरवताना शीटच्या त्या स्तंभात सर्वांत कमी दिसायला हवं असा माणूस शोधा. अशा एका माणसापासून जरी काही नोंदी लपवायच्या असतील, तरी पातळी प्रायव्हेटच ठेवावी लागते. कारण त्यावर येणारे सगळे थर, म्हणजे रोल (कोणाच्या वर कोण, ही उतरंड), शेअरिंग रूल (ठरावीक नोंदी ठरावीक लोकांना उघडणारा नियम), टीम, हाताने केलेलं शेअरिंग, फक्त दारं उघडतात. खालून उघडं राहिलेलं दार वरून लावता येत नाही. दिसणाऱ्या नोंदी कमी करणारा रिस्ट्रिक्शन रूल हा याला अपवाद, पण तो करार, टास्क, इव्हेंट आणि कस्टम ऑब्जेक्ट अशा मोजक्यांनाच चालतो. अकाउंट किंवा ऑपॉर्च्युनिटीसाठी त्याच्या भरवशावर आराखडा बांधू नका.

पाया ठरवताना आपोआप मिळणारा ॲक्सेसही शीटवर मांडा. एखाद्याला कॉन्टॅक्ट, ऑपॉर्च्युनिटी किंवा केस दिसत असेल, तर तिचं मूळ अकाउंटही त्याला वाचण्यापुरतं दिसू लागतं, मग अकाउंट प्रायव्हेट का असेना. मास्टर-डिटेल नात्यातल्या, म्हणजे मूळ नोंदीला घट्ट बांधलेल्या, पोटनोंदीला स्वतःचा ओनरच नसतो. मूळ नोंद ज्याला दिसते त्याला तीही दिसते. त्यामुळे गोपनीय तपशील मास्टर-डिटेल पोटनोंदीत ठेवून ‘वेगळा ऑब्जेक्ट केलाय, सुरक्षित आहे’ असं समजण्यात अर्थ नाही. तिथे साधं लुकअप नातं (नुसता दुवा) आणि वेगळी प्रायव्हेट पातळी लागते.

रोलची उतरंड आखताना पदांचा तक्ता समोर ठेवायचा मोह टाळा. कोणाच्या नोंदी कोणी बघायच्या, एवढ्यावरच ती उभी राहते. वरिष्ठ विक्री अधिकारी आणि विक्री अधिकारी दोघंही फक्त आपापले सौदे बघत असतील, तर दोघांना एकच रोल पुरतो. एकाच रोलमधली माणसं त्या रोलमुळे एकमेकांच्या नोंदी पाहू शकत नाहीत. उलट संचालकांच्या सहायकाला संचालकांइतकंच दिसायला हवं असेल, तर पद कितीही खालचं असलं तरी रोल तोच द्यावा लागेल. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: स्टँडर्ड ऑब्जेक्टवर वरच्या रोलला खालच्यांच्या नोंदी दिसणारच, ते बंद करता येत नाही. फक्त कस्टम ऑब्जेक्टसाठी ती सोय बंद करता येते. वरिष्ठांपासूनही लपवायची माहिती असेल, उदाहरणार्थ अंतर्गत तक्रारी, तर तिची जागा कस्टम ऑब्जेक्टमध्येच. आणि रोल रिकामा सोडलेला युजर उतरंडीच्या बाहेर राहतो. त्याच्या नोंदी वरिष्ठांना उतरंडीतून दिसत नाहीत आणि मग ‘माझ्या टीमचा सौदा रिपोर्टमध्ये येत नाही’ असा फोन येतो.

शेअरिंग रूल लिहिण्याआधी पब्लिक ग्रुप (युजर आणि रोल यांचा गट) बनवून घ्या. दहा रोलसाठी दहा रूल लिहिण्यापेक्षा एक ग्रुप आणि एक रूल सांभाळणं सोपं. एका ऑब्जेक्टला एकूण ३०० रूल करता येतात आणि त्यात फील्डमध्ये काय भरलंय त्यावर चालणारे ५०च, त्यामुळे दर शहराला एक रूल अशी सुरुवात केली तर मर्यादा लवकर गाठली जाते. फील्डवर चालणाऱ्या रूलचे दोन हट्ट ठाऊक असू द्या: फॉर्म्युला फील्ड (इतर फील्डवरून आपोआप काढलं जाणारं) तिथे वापरता येत नाही, आणि मजकुराच्या फील्डमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. कोणी विभागाचं नाव मोठ्या अक्षरांत भरलं, कोणी लहान, तर अर्ध्या नोंदी रूलमधून निसटतील. म्हणून ते फील्ड आधी पिकलिस्ट (ठरलेल्या यादीतून निवडायचं) करा आणि जुना डेटा साफ करून मगच रूल चालू करा.

क्यूमधल्या, म्हणजे एका माणसाऐवजी गटाच्या नावावर ठेवलेल्या, नोंदी क्यूच्या सगळ्या सदस्यांना दिसतात आणि त्यांना त्या आपल्या नावावर घेता येतात. बदली झालेला माणूस रोलमधून हलतो, पण क्यू आणि ग्रुपमध्ये तसाच राहतो. त्यामुळे बदलीच्या फॉर्मवर रोल, ग्रुप आणि क्यू असे तीन वेगळे रकाने ठेवा. हाताने केलेलं शेअरिंग ओनर बदलला की उडतं, हेही त्याच फॉर्मवर लिहून ठेवा. मोठ्या प्रमाणात नोंदी दुसऱ्याच्या नावावर करायच्या असतील, तर असं शेअरिंग कोणाकोणाला होतं याची यादी आधी काढून ठेवावी लागते. नंतर ती मिळत नाही.

परवानग्यांकडे वळताना सर्वांत कमी हक्कांचं प्रोफाइल घ्या आणि कामाप्रमाणे परमिशन सेट वर चढवा. खरा शोध घ्यायचा तो ‘सगळं पाहा’ आणि ‘सगळं बदला’ या परवानग्यांचा. त्या पूर्ण संस्थेसाठीही असतात आणि एकेका ऑब्जेक्टसाठीही, आणि दोन्ही ठिकाणी शेअरिंगला वळसा घालून जातात. घाईत आलेली तक्रार मिटवायला कोणीतरी त्या देऊन टाकतं आणि काढायच्या राहतात. ज्या प्रत्येक प्रोफाइल आणि परमिशन सेटमध्ये त्या आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल तर परवानगी काढा. इंटिग्रेशनला ॲडमिनचं लॉगिन देऊ नका. त्याचा स्वतंत्र युजर आणि लागणाऱ्या ऑब्जेक्टपुरता परमिशन सेट करा. रिपोर्ट एक्सपोर्ट करण्याचा हक्क वेगळा मोजा, कारण पडद्यावर एक नोंद पाहणं आणि हजारो नोंदींची फाइल घरी नेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्ण अधिकार असलेले ॲडमिन मात्र किमान दोन हवेत. एकच असला आणि तोच लॉगिनमध्ये अडकला, तर सगळं ठप्प.

फील्ड लपवण्यात सर्वांत जास्त फसगत होते. पेज लेआउटवरून फील्ड काढलं म्हणजे ते लपलं असं नाही. रिपोर्टमध्ये, लिस्ट व्ह्यूमध्ये आणि एपीआयमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटा देणाऱ्या वाटेने) ते जसंच्या तसं मिळतं. लपवायचं तर फील्ड-लेव्हल सिक्युरिटीतून, म्हणजे एकेका फील्डचे हक्क ठरवणाऱ्या सेटिंगमधून. ते करूनही एक फट उरते: लपवलेल्या फील्डवर आधारलेलं फॉर्म्युला फील्ड उघडं असेल, तर त्यातून आकडा बाहेर येतो. नफ्याचं प्रमाण लपवून ‘सवलतीनंतरचा नफा’ उघडा ठेवलात तर लपवलं काय? लपवायच्या प्रत्येक फील्डसाठी ते कुठे-कुठे वापरलंय हे तपासा आणि ती सगळी फॉर्म्युला फील्ड्सही शीटवर घ्या.

रिपोर्टचा फोल्डर शेअर केला तरी रिपोर्टमधला डेटा बघणाऱ्याच्याच हक्कांनुसार दिसतो, तिथे चिंता नाही. डॅशबोर्डची गोष्ट वेगळी. तो एखाद्या ठरावीक युजरच्या नजरेने दाखवायचा असं ठेवलं असेल, तर फोल्डर ज्याच्या हाती आहे त्याला त्या युजरला दिसणारे सगळे आकडे दिसतात. संचालकांच्या नावावर चालणारे डॅशबोर्ड आणि वेळापत्रकाने ईमेल होणारे रिपोर्ट शोधून काढा. कोडकडेही एकदा बघा: एपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रामिंग भाषा) मुळात सिस्टिमच्या अधिकारात चालतो, क्लासवर ‘विथ शेअरिंग’ लिहिलं नसेल तर युजरचं शेअरिंग पाळलं जाईल असं धरू नका. नोंद सेव्ह होताच चालणारे फ्लोही (आपोआप होणाऱ्या कामांचे क्रम) सिस्टिमच्या अधिकारातच चालतात.

ओनरनुसार नोंदी मोजा. एकाच युजरच्या नावावर १०,००० पेक्षा जास्त नोंदी साचल्या असतील, तर त्याचा रोल किंवा ग्रुप बदलताच शेअरिंगची फेरमोजणी तासन्‌तास चालू शकते आणि मध्येच नोंदी लॉक झाल्याच्या चुका येतात. जुन्या लीड एका ‘कचरापेटी’ युजरच्या नावावर टाकण्याची सवय यालाच कारण. असा युजर ठेवायचाच असेल तर त्याला रोल देऊ नका, शेअरिंग रूलमधल्या कोणत्याही ग्रुपमध्ये घेऊ नका आणि पुन्हा हलवू नका. मूळ पातळी सैल करणं लगेच लागू होतं, कडक करणं मात्र फेरमोजणी संपल्यावरच. म्हणून प्रायव्हेटकडे जाणारा बदल सुटीच्या दिवशी ठेवा आणि सोमवारच्या इम्पोर्टच्या वेळी तो चालू नसेल हे पाहा.

मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्सवर काम असेल तरी शीट तीच, फक्त थरांची नावं वेगळी: बिझनेस युनिट (संस्थेचा विभाग) आणि सिक्युरिटी रोल (हक्कांचा संच). तिथे हक्काची खोली युजर, त्याचं युनिट, खालची युनिटं आणि पूर्ण संस्था अशी वाढत जाते. दोन रोल दिले की दोन्हींतला मोठा हक्क लागू होतो. नवख्याला अडवणारी जागा म्हणजे ‘अपेंड’ आणि ‘अपेंड टू’. एक नोंद दुसरीला जोडायची तर जोडली जाणारीवर पहिला आणि जिला जोडायची तिच्यावर दुसरा हक्क लागतो. एक राहिला की बाकी सगळं बरोबर असूनही चूक येते.

चाचणी सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत), आणि ॲडमिन म्हणून कधीच नाही. शीटवरच्या प्रत्येक कामासाठी एक चाचणी युजर करा आणि तीन-चार वेगवेगळ्या ओनरच्या नावावर नोंदी घाला. सगळा डेटा एकाच ओनरचा असला तर चाचणीतून काहीच कळत नाही. प्रत्येक युजर म्हणून लॉगिन करून स्वतःची नोंद, सहकाऱ्याची, वरिष्ठाची आणि दुसऱ्या विभागाची, अशा चार नोंदी उघडून पाहा. मग सर्च, लिस्ट व्ह्यू, रिपोर्ट, एक्सपोर्ट आणि मोबाइल ॲप. दिसायला हवं ते दिसलं यावर थांबू नका, दिसू नये ते शोधायला जास्त वेळ द्या. दिसू नये अशी नोंद दिसलीच, तर नोंदीवरच्या ‘शेअरिंग हायरार्की’मध्ये ॲक्सेस कुठून आला ते कळतं. तो थर सुधारा, वर नवा थर चढवू नका.

नोकरी सोडणाऱ्यासाठी वेगळा क्रम लिहून ठेवा. पहिली कृती युजर फ्रीझ करणं, म्हणजे त्याचं लॉगिन थांबवणं. डीॲक्टिव्हेट करणं कधीकधी अडतं, कारण तो लीड किंवा केसचा डीफॉल्ट ओनर म्हणून नेमलेला असतो, आणि ते सोडवेपर्यंत लॉगिन उघडं राहायला नको. मग चालू नोंदी दुसऱ्याच्या नावावर करा, कारण डीॲक्टिव्हेट झाल्यावरही तो ओनर म्हणून तसाच राहतो. कोणी कोणती परवानगी बदलली हे सेटअपच्या ऑडिट ट्रेलमध्ये १८० दिवसच मिळतं. दर तीन महिन्यांनी ती फाइल उतरवून ठेवा आणि त्याच दिवशी ‘सगळं पाहा’वाल्यांची यादी, क्यू आणि ग्रुपचे सदस्य शीटशी ताडून पाहा.