आजी-आजोबांकडे सोबतीला जायचंय? आधी हे वाचा

एनएसएसला, म्हणजे कॉलेजमधल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांचे मिळून २४०, आणि झाडं लावणं, रॅली, सात दिवसांचं शिबिर ह्यापलीकडे काही करायचं असेल तर एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे दर आठवड्याला तासभर जाऊन बसणं हा फार चांगला ऑप्शन आहे. पुण्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कुठल्याही जुन्या सोसायटीतल्या वॉचमनला माहीत असतं की कुठल्या फ्लॅटमधे आजी एकट्या आहेत आणि मुलगा अमेरिकेत आहे का सिंगापूरला. पण म्हणून थेट जाऊन बेल वाजवू नका हां, आजकाल गॅसवाला, कुरियरवाला बनून येणारे इतके आहेत की सेफ्टी डोअरच्या आतून तुम्हाला नीट झापतील आणि झापायलाच पाहिजे.

कॉलेजच्या एनएसएसच्या सरांमार्फत किंवा त्या एरियातल्या ज्येष्ठ नागरिक संघामार्फत जा. संघ बहुतेक सगळ्या भागात असतो, आणि त्यांना बरोबर ठाऊक असतं की कोण हल्ली मीटिंगला यायचं बंद झालंय, खरी गरज त्यांनाच असते, कारण जे रोज बागेत हास्यक्लबला येतात त्यांना तुमच्या गप्पांची एवढी निकड नसते. कॉलेजचं पत्र, आयकार्ड जवळ ठेवा, पहिल्यांदा संघातल्या कोणीतरी ओळख करून द्यावी आणि तुम्ही दोघं-दोघं जा. होकार मात्र त्या आजी-आजोबांचा स्वतःचा हवा. मुलाने न्यू जर्सीतून फोन करून सगळं ठरवलं आणि आजोबांना पत्ताच नाही असं झालं तर ते तुम्हाला पोराने पाठवलेला हेरच समजणार.

वार आणि वेळ ठरवा आणि मोडू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नाही. बुधवारी पाच म्हटलं की बुधवारी पाच, कारण तुमच्यासाठी तो एक तास असतो पण तिकडे मंगळवारपासून दूध जास्त घ्यायचं का ह्याचा विचार चालू असतो. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, मेसेज नाही, फोन. आणि दर आठवड्याला जमणारच नसेल तर सुरुवातीलाच पंधरा दिवसांनी येतो म्हणा, त्यात काही कमीपणा नाहीये. दुपारी एक ते चार कोणाकडे जायचं नसतं हे पुण्यात सांगायला नको. संध्याकाळी पाच ते सात बेस्ट, दिवेलागणीचीच वेळ एकट्या माणसाला जास्त खायला उठते.

आता गेल्यावर करायचं काय? पहिल्या दिवशी काहीच करू नका, खरंच. बसा, चहा घ्या, टोस्ट पुढे आला तर खा. 'नको नको, त्रास नको' करत बसू नका, घरी आलेल्याला चहा करून देता येणं हाच त्यांचा त्या दिवसातला मोठा आनंद असू शकतो. हाक आजी, आजोबा किंवा काका, काकू, त्यांना चालेल ती, पण बोलायचं अहो-जाहोच, त्यांनी तुम्हाला अरे-तुरे केलं तरी. आणि 'एकटं वाटतं का हो तुम्हाला?' असलं काही विचारू नका, मुलाखत घ्यायला गेल्यासारखं होतं. त्यापेक्षा काम काढा. शिवणाचं मशीन दिसलं तर बटण लावायला शिकवा म्हणा, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सुटलेलं असेल तर उरलेलं मिळून सोडवा. पत्ते हे तर हुकमी, बदाम सात किंवा रमी, आणि मुद्दाम हरू नका, लगेच कळतं त्यांना, राग येतो.

ऐकू कमी येतं तिथे बहुतेक मुलं ओरडायला लागतात. ओरडू नका. वयाने बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ असली अक्षरंच पुसट होतात, तुम्ही ओरडलात की नुसता गोंगाट वाढतो. टीव्ही बंद करा, फॅन आवाज करत असेल तर कमी करा, समोर उजेडात बसा म्हणजे ओठ दिसतील, आणि सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य परत न म्हणता वेगळ्या शब्दात सांगा. आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर 'मागे सांगितलंत' म्हणू नका, त्याच गोष्टीतलं नवीन काहीतरी विचारा, तेव्हा ऑफिसला सायकलने जायचात का बसने, पगार किती होता, असं.

मोबाईलची कामं येणारच. फोटो पाठवणं, अक्षर मोठं करणं, नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, तो आता सरकारच्या जीवन प्रमाण ॲपवर चेहरा स्कॅन करून घरबसल्या होतो. करून देऊ नका, त्यांच्या हातात फोन ठेवून शिकवा, वेळ लागू दे. पण ओटीपी, पिन, एटीएम कार्ड, बँकेचं पासबुक ह्याला हात लावायचा नाही, आजींनी स्वतः आग्रह केला तरी नाही. पैसे घ्यायचे नाहीत, उसने द्यायचे नाहीत. भेट म्हणून लाडू चालतील, सोन्याची अंगठी नाही. 'डिजिटल अरेस्ट'बद्दल, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर घाबरवून पैसे उकळतात त्याबद्दल, मात्र गप्पांच्या ओघात नक्की सांगा: पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. हा नंबर आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवून या.

तुम्ही नर्स नाही, वकीलही नाही. गोळ्या बदलून देणे, इस्टेटीच्या भांडणात मत देणे, सुनेबद्दल ऐकून 'हो ना, काय ही' करणे, सगळं टाळा. फक्त डोळे उघडे ठेवा. गेल्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात तशाच आहेत, फ्रिजमधे काही नाही, हातावर काळानिळा डाग आहे, असं काही दिसलं तर त्यांच्याशी बोला आणि तुमच्या सरांना सांगा. परस्पर मुलाला फोन लावू नका. जिवाचंच काही असेल तर इमर्जन्सीचा ११२ लावा, तिथे विचारत बसायचं नाही. आणि इन्स्टावर सेल्फी प्लीज नको, कोणाचं घर एकट्या माणसाचं आहे हे जगाला सांगायची काय गरज?

हे काम हलकं समजू नका हां, मुंबईत २०२२ मधे गुडफेलोज नावाचं स्टार्टअप निघालं, पगारी तरुण मुलं ज्येष्ठांच्या सोबतीला पाठवणारं, रतन टाटांनी त्यात पैसे घातले होते. म्हणजे लोक ह्या तासाचे पैसे द्यायला तयार असतात.

परीक्षा आल्या की बरीच मुलं नुसती गायब होतात. तसं करू नका. महिनाभर आधी सांगा, कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने खूण करून घ्या की ह्या ह्या बुधवारी मी नाही, मधे एखादा फोन करा. कायमचंच थांबणार असाल, नोकरी लागली, गाव बदललं, तर ज्युनिअरला शेवटच्या दोन-तीन वेळा सोबत घेऊन जा, आजी चहात साखर किती घालतात आणि आजोबांचा कुठला कान चांगला आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा.