फौजी पिशवी धुवायच्या आधी

उदगीरला माझं दप्तरं-पिशव्या दुरुस्तीचं दुकान आहे. अधूनमधून कुणाच्या तरी आजोबांची फौजी पिशवी येते, आणि आणणारा म्हणतो, "चकाचक करून द्या मामा." मी आधी ती कागदावर उलटी करून झटकतो. मागच्या खेपेला दोन सरक्या आणि चार ज्वारीचे दाणे पडले. म्हणजे म्हातारबा लढाईहून आले आणि पिशवी पेरणीला लागली! असे दाणे शिवणीत राहिले की किडे होतात, म्हणून कोपरे कोऱ्या, मऊ ब्रशनं झाडून काढा.

मग आत बघा. ब्रिटिश फौजेच्या 1937 पॅटर्नची, म्हणजे त्या सालच्या नमुन्याची, छोटी पाठपिशवी असेल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात वापरलेली, तर आत कप्पे शिवलेले असतात. पुढं जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली, मागं कपडे. कुठं तीन रेघांचा बाण छापलेला दिसला तर ती सरकारी मालाची खूण. त्या शाईला पाणी लावू नका.

धुवू तर अजिबात नका. ओला पांढरा रुमाल एका कोपऱ्यावर दाबून बघा. हिरवट रंग उतरला तर तो मळ नव्हे, ब्लँको नावाचा फौजी पट्ट्यांना लावायचा रंग आहे. शिपाई तो पाण्यात कालवून पट्ट्यांना स्वतः चोपडायचे. साबण लावला की तो मोरीत गेलाच.

पितळी बकलांत मी एकदा फसलोय. चिंच लावून तांब्यासारखं घासलं. बकल लखलखलं, पण आंबट पाणी पट्ट्यात मुरलं आणि आठ दिवसांत बकलाभोवती हिरवा डाग. पिशवी आणणाऱ्या आजी काही बोलल्या नाहीत, मी पैसे घेतले नाहीत. आता बकलाखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवतो आणि हिरवा थर बांबूच्या काडीनं कोरडाच खरवडतो. काळपटपणा राहू देतो.

उसवलं असेल तर सुती दोरा, हातानं, जुन्याच भोकांतून. नायलॉनचा दोरा नको, जुनं कापड त्यानं चिरतं. मशीनखाली तर घालूच नका.

ठेवताना आत धुतलेलं जुनं धोतर भरा, वर्तमानपत्र नको. पट्ट्याला धरून खुंटीला टांगू नका. प्लास्टिकमध्ये बांधलीत तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली, त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळा. आणि मृग लागायच्या आधी एकदा सोडून नाकाला लावा. कुबट वास आला तर वाऱ्यावर टाका, पण सावलीत.