चादरीच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर हरवू नयेत म्हणून

सोलापुरात चाटी गल्लीतलं दुकान असो की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कारखाना, चादर-टॉवेलच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि लग्नसराईत तिथेच हरवतात. आधी व्हॉट्सॲप बिझनेस हे धंद्यासाठीचं वेगळं ॲप घ्या. जुन्याच नंबरवर चालतं, पण साध्या ॲपमधून हलवण्याआधी बॅकअप घ्याच.

मग लेबलं, म्हणजे चॅटवर लावायच्या खुणा. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘माल गेला’ ही तीन पुरतात. दहा केली की चौथ्या दिवसापासून कुणी लावत नाही. चॅट दाबून धरा, लेबलचा पर्याय येतो. माल ट्रान्सपोर्टला दिला की लगेच लेबल बदला, रात्रीवर ढकलू नका.

भाव, साइज, पार्सलचा खर्च, हे रोजचे प्रश्न. त्यांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा; ‘/भाव’ लिहिलं की उत्तर हजर. सुताचे दर हलले की साठवलेलं उत्तरही बदला, नाहीतर जुन्याच भावात माल द्यायची वेळ येते.

ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला एकच मेसेज, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या बिलाबरोबरच नंबर सेव्ह करायला सांगा. डिझाइनचा फोटो एचडीतच पाठवा. साध्या फोटोत बारीक वीण पुसट होते.