मेंदूचा तक्ता पाठ करण्याआधी दृष्टीची वाट काढा

मेंदूची रचना शिकायला घेतली की बहुतेक जण आधी तक्ता करतात: ऑक्सिपिटल (मेंदूचा मागचा भाग) म्हणजे दृष्टी, टेम्पोरल (कानशिलाजवळचा) म्हणजे श्रवण, फ्रंटल (पुढचा) म्हणजे विचार. परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरता तो बरा आहे, पण प्रश्नात रुग्णाचं वर्णन आलं की हमखास दगा देतो. तयार रंगीत नोट्स देणाऱ्या सिनियरपेक्षा कोऱ्या कागदावर तुमच्याकडून आकृती काढून घेणारा मार्गदर्शक धरा, मग तो कितीही कडक असो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते दृष्टीच्या वाटेनं. ‘डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ते चूक आहे. बाजू बदलते ती दृष्टिक्षेत्राची, डोळ्याची नव्हे. समोर एका बिंदूकडे बघा. त्याच्या डावीकडचं सगळं दोन्ही डोळ्यांना दिसतं, अगदी डाव्या कडेचा पट्टा तेवढा एकट्या डाव्या डोळ्याला. भिंग प्रतिमा उलटवतं, म्हणून हे डावीकडचं दोन्ही रेटिनांच्या (डोळ्यांतल्या पडद्यांच्या) उजव्या अर्ध्यावर पडतं. डाव्या डोळ्यात तो अर्धा नाकाकडचा. त्याचे तंतू ऑप्टिक कायझममध्ये, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा भेटतात तिथे, पलीकडे जातात. उजव्या डोळ्यात तोच अर्धा कानशिलाकडचा. त्याचे तंतू आपल्याच बाजूला राहतात. दोन्ही मिळून उजव्या थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या आतलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) उजव्या ऑक्सिपिटल लोबमध्ये पोचतात. आता या वाटेवर मनातल्या मनात कात्री चालवा. उजवी ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यातून निघणारी नस) तुटली तर उजवा डोळा गेला. कायझम मधोमध दाबला गेला, पिट्यूटरी या त्याच्याखालच्या ग्रंथीच्या गाठीत होतो तसा, तर दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या, कानशिलाकडच्या बाजूचं दिसणं गेलं. कायझमच्या मागे उजवीकडे इजा झाली तर दोन्ही डोळ्यांतलं डावीकडचं गेलं. रुग्ण मात्र ‘डाव्या डोळ्याला दिसत नाही’ असंच सांगतो. एकेक डोळा झाकून तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

एका बैठकीत हे बसत नाही. कुणाचंच बसत नाही, काळजी करू नका.

ही वाट हातात बसली की वेदन (इंद्रियाकडून संदेश पोचणं), संवेदन (त्याचा अर्थ लागणं) आणि बोधन (लक्ष, आठवण, विचार) आपोआप वेगळे दिसायला लागतात. वर सांगितलेलं सगळं वेदनाच्या पातळीवरचं. संवेदन बिघडलं की काय होतं ते बघा: डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्री रुग्णाला उजेड, रंग दिसत होते, पण फट आडवी आहे की उभी हे सांगता येत नव्हतं. त्याच फटीत कार्ड मात्र ती बरोबर वळवून सरकवायची. गुडेल आणि मिल्नर यांनी 1992 मध्ये ओळखण्याची वाट वेगळी आणि कृतीची वेगळी अशी मांडणी केली, तिचा मोठा आधार हाच.

आणि बोधनाचं उदाहरण: उजव्या पराइटल लोबला (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग) इजा झाली की डोळ्यांची वाट शाबूत असूनही डावीकडचं जग लक्षातून निसटू शकतं. बिसियाक आणि लुत्झाती यांनी 1978 मध्ये अशा दोन रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा म्हटल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. कॅथेड्रलकडून चौकाकडे बघा म्हटल्यावर आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधीच्या गळाल्या. आठवण पूर्ण होती, डोळ्यांचा तर संबंधच नव्हता. तक्त्यात याला जागा कुठे?

यानंतर श्रवण घ्या, पण दृष्टीचा नियम तिकडे लावू नका. प्रत्येक कानाचे संदेश ब्रेनस्टेमपासूनच (मेंदूच्या बुडाचा देठ) दोन्ही बाजूंना जातात, म्हणून एका बाजूच्या कॉर्टेक्सला (मेंदूचा बाहेरचा थर) इजा झाली तरी एक कान बहिरा होत नाही.